पिवळ्या अक्षरांतलं नाव

टीव्हीवरच्या चित्राच्या पोटात शब्द लपवून पाठवायचे, हे माझं काम. कोणी विचारलं की मी एवढंच सांगते, आणि समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे खालच्या पट्टीत ब्रेकिंग न्यूज धावते ना, ती?" ती नव्हे. ती सगळ्यांना दिसते, नको असली तरी दिसते. माझे शब्द ज्याला हवेत त्यालाच दिसतात. चॅनेलकडून घराघरात जो प्रवाह जातो त्यात चित्र असतं, आवाज असतो, आणि त्या दोघांच्या सोबतीने शब्दांची एक बारीक धार असते. घरच्या सेट-टॉप डब्याच्या रिमोटवर सबटायटलचं बटण दाबलं की डबा ती धार उचलतो आणि अक्षरं पडद्यावर मांडतो. नाही दाबलं तर ती तशीच वाहून जाते. निम्म्या महाराष्ट्राला ते बटण कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही, आणि त्याचा मला रोज राग येतो.

आमचं ऑफिस गोरेगाव पूर्वेला, स्टुडिओंच्या रस्त्यावर. बऱ्याच चॅनेलांचं प्रसारण तिथून होतं. ऐकू न येणाऱ्यांसाठी शब्द द्या असा नियम आला, म्हणून आमचं खातं निघालं. खातं म्हणजे मी, आणखी दोन मुली आणि आमचे साहेब, देवव्रत सर. आमच्या लिहिण्याचे नियम सरांनीच बसवलेत. पडद्यावर जो दिसतोय त्याचं बोलणं पांढऱ्या अक्षरांत. जो बोलतोय पण चौकटीत दिसत नाही, त्याचं पिवळ्या अक्षरांत, आणि आधी त्याचं नाव. शब्द ओठांबरोबर यायला हवा आणि ओठांबरोबर जायला हवा. खोकला, शिंक, घसा खाकरणं लिहायचं नाही, उगाच वाचणाऱ्याचे डोळे शिणवायचे नाहीत.

हे सगळं मी पगारासाठी शिकले. त्यात जीव गुंतला तो मात्र घरामुळे. भांडुपला डोंगराच्या अंगाला आधी चाळ होती, तिथे आता इमारत झालीय. तिच्या पाचव्या मजल्यावर मी, माझा नवरा सम्यक आणि सासूबाई राहतो. सासूबाईंचं नाव सोनूबाई, मी त्यांना आई म्हणते. त्यांना ऐकू येत नाही. तरुणपणी छातीचा क्षय झाला, महिनोन्महिने दवाखान्यात सुया टोचल्या. सुयांनी जीव वाचवला आणि कान नेले. त्या बोलतात नीट, फक्त आवाजाचा अंदाज राहिलेला नाही. गुपित सांगायचं म्हणून ओरडतात आणि भाजीवाल्याशी कुजबुजतात. समोरच्याचे ओठ बघून बरंच समजून घेतात.

बहिऱ्या माणसाशी घर कसं वागतं, ते मी लग्न होऊन आले तेव्हा बघितलं. चार जण हसतात. त्या विचारतात, काय झालं? उत्तर येतं, "काही नाही." शेजारी कडाक्याचं भांडण होतं, त्या दारात जाऊन उभ्या राहतात, परत येऊन विचारतात. "काही नाही, नंतर सांगतो." तो नंतर कधी उजाडत नाही. आणि सांगितलंच, तर साखरेत घोळवून सांगतात. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मला संताप यायचा, पण नवी सून होते, मूग गिळून बसायचे.

ऑफिसात कामाला लागले आणि पहिल्याच आठवड्यात घरचा डबा बदलून घेतला. आधीच्या केबलवाल्याकडे शब्दांची धार मधेच गळायची. चित्र आणि आवाज पुढे जायचे, शब्द गाळले जायचे, कारण तक्रार करणारं कोणी नव्हतं. नवा डबा आला, मी बटण दाबलं, आणि आईंच्या पुढ्यात दोन पुढाऱ्यांचं भांडण अक्षराअक्षराने उमटलं. रात्रीच्या वर्गात शिकलेलं वाचन त्यांनी तोवर जपून ठेवलं होतं. तासभर त्यांनी मान वळवली नाही. मग म्हणाल्या, "किती घाण बोलत्यात गं हे. आणि मला कुणी सांगितलंच न्हाय." इतक्या खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. तेव्हापासून त्यांचं एक ठरून गेलं: माणसं काही नाही म्हणतात, टीव्ही म्हणत नाही.

गेल्या मार्चात देवव्रत सरांनी एक जुनं काम माझ्याकडे सरकवलं. एका मराठी चॅनेलला चौदा एप्रिलच्या सकाळी दाखवायला कार्यक्रम हवा होता, आणि त्यांच्या गोदामात जन्मशताब्दीच्या वर्षीच्या टेपा सापडल्या होत्या. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या भीमगीतांच्या पार्ट्या तेव्हा स्टुडिओत बोलावून रेकॉर्ड केलेल्या. मी सहज टेप पुढे पळवत होते. तिसऱ्या पार्टीशी माझा हात थांबला. ढोलकीवर माझे सासरे बसले होते.

धोंडिराम, माझे सासरे. मी त्यांना उतारवयातच बघितलं, आणि आता ते भिंतीवरच्या फोटोत आहेत. पडद्यावर ते पस्तिशीचे होते, दाट काळे केस, पांढरा सदरा. भांडुपची ती पार्टी त्यांचीच होती. ढोलकी त्यांची आणि मुख्य गळाही त्यांचाच. मी हेडफोन न लावताच पाच मिनिटं नुसतं बघत राहिले.

संध्याकाळी आई मटार सोलत होत्या. मी समोर बसले, त्यांना ओठ दिसतील अशी, आणि सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माझं कडवं हाय का त्यात?"

"अजून पूर्ण ऐकलं नाही, आई. उद्या ऐकून सांगते."

"तू सांगू नगंस." त्यांचा आवाज एकदम चढला. "तुम्ही सगळी मला बरं वाटंल तेच सांगता. टीव्हीवर येऊ दे. लिहून येईल ते मी बघीन."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मी ती अर्धीमुर्धी ऐकून होते, पण इतकी उघडून त्यांनी कधी सांगितली नव्हती.

त्या गाण्याचं तिसरं कडवं आईंनी स्वतः रचलं होतं, रात्रीच्या वर्गात जायला लागल्यावर.

चुलीपुढच्या राखेत गं म्या अक्षर गिरवलं,
काळं झालं बोट तरी चारचौघीत मिरवलं.

वस्तीत ते गाजलेलं होतं. बायका पाणी भरताना म्हणायच्या. स्टुडिओत पार्टीला बोलावणं आलं तेव्हा सगळा डोंगर त्यांना निरोप द्यायला खाली उतरला. तिथे पुरुष पुढे बसवले आणि बायकांना बाजूच्या माइकपाशी उभं केलं. दोन कडवी झाली, आईंची पाळी आली, आणि त्यांना खोकला आला. क्षयाचा तो खोकला, पण तेव्हा कोणाला ठाऊक होतं. पदर तोंडात कोंबून त्या खाली बसल्या. गाणं परत घेतलं. दुसऱ्या बारीला त्यांनी कडवं नीट म्हटलं. टीव्हीवर लागलं तेव्हा त्या दवाखान्यात होत्या, आणि घरी आल्या तेव्हा कान गेले होते. सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, दुसऱ्या बारीचं ठेवलंय, तुझं कडवं पूर्ण आलं, सगळ्या वस्तीने ऐकलं.

"पण पार्टीला परत बोलावणं आलं न्हाय," आई म्हणाल्या. "एकदाबी न्हाय. पुढं पार्टी मोडली. मी मनात म्हणायची, कडवं चांगलं आलं, तर मग बोलावलं का न्हाय? माझ्या खोकल्यानंच वाट लावली असंल. त्या वेळी मी मान वर करून त्यांच्याकडं बघितलंबी न्हाय. रागानं लाल झालं असतील. बसमधनं घरी येईस्तोवर एक शब्द बोलले न्हाईत."

मटाराचे दाणे त्यांच्या मांडीवरून घरंगळले. मी ते वेचायला खाली वाकले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिलं घोडं अडलं ते मशीनपाशी. जुन्या कार्यक्रमांचे शब्द आमच्याकडे मशीन काढतं, आणि गाणं आलं की ते एकच शब्द टाकतं: संगीत. गाणं कितीही मोठं असो, ते संपेपर्यंत पडद्याच्या तळाशी 'संगीत'. सर म्हणाले, असू दे, सगळीकडे असंच जातं. मी म्हटलं, सर, ज्याला ऐकू येत नाही त्याला 'संगीत' हा शब्द वाचून काय मिळणार? जरा जोरातच बोलले असेन, कारण दोन्ही मुलींनी माना खाली घातल्या. सर तसे भले माणूस, फक्त दमलेले. त्यांनी हात वर केले. "करा हाताने. पण नियमात करा."

दार लावून घेतलं आणि ऐकायला बसले.

पहिलं कडवं, दुसरं कडवं. सासऱ्यांना मी आधी कधी गाताना ऐकलं नव्हतं. खडा आवाज, तळाला थोडा बसलेला. दुसरं कडवं संपलं. चौकटीबाहेरून एका बाईने श्वास घेतल्याचा आवाज आला, खोल, गाण्याआधी घेतात तसा. आणि लगेच खोकला. कोरडा, मग आणखी खोल, मग तोंडात कापड दाबल्यासारखा. सासऱ्यांनी ढोलकीवरून मान उचलली आणि चौकटीबाहेर डावीकडे बघितलं. हात थांबला नाही. उलट ढोलकी जोरात वाजायला लागली, खोकला झाकून टाकायला निघाल्यासारखी. नजर मात्र तिकडेच राहिली. मग शेवटचं कडवं त्यांनी उचललं, तेही तिकडेच बघत, आणि पहिल्याच ओळीला त्यांचा सूर सुटला. सूर सुटला हे लिहायला आमच्याकडे नियम नाही.

मी टेप शेवटपर्यंत पाहिली. मग मागची, पुढची. दुसरी बारी कुठेच नव्हती. पहिलीच ठेवली होती, खोकल्यासकट. चॅनेलवाल्यांना कदाचित दुसरी ऐकायलाही फुरसत झाली नसेल. राखेतलं अक्षर, काळं बोट, सगळं हवेत विरून गेलं होतं. आई एवढ्यासाठी इतकी वर्षं थांबल्या होत्या.

आमच्या घरात गुपित बोलायची एक रीत आहे. आवाज लहान करत नाहीत. आईंकडे पाठ करतात. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी आणि सम्यक ओट्याकडे तोंड करून उभे राहिलो, तो भांडी विसळत होता आणि मी पुसत होते.

"कडवं नाहीये," मी म्हणाले. "खोकला आहे नुसता, आणि त्यावर बाबांची ढोलकी. बाबा खोटं बोलले होते."

सम्यक सांताक्रूझला विमानाच्या मालावर काम करतो. दिवसभर ओरडून बोलतो, पण घरी त्याचा आवाज खाली असतो. तो बराच वेळ एकच ताट धूत राहिला.

"ती ढोलकी किती वेळ वाजते?"

"का?"

"कडवं बसेल का तेवढ्यात?"

मला कळलं तो काय म्हणतोय. खरं तर दुपारीच माझ्या मनात येऊन गेलं होतं. "बसेल," मी म्हटलं.

"मग लिही ना यार. ज्याला ऐकू येतं तो वाचत नाही. जो वाचतो त्याला ऐकू येत नाही. कोण पकडणार तुला?"

"ते खोटं आहे, सम्यक."

"मग खरं काय लिहिणार तू? तुझा खोकला आला टीव्हीवर, कडवं नाही आलं, असं? आईला किती लागेल ते. आणि बाबा खोटे पडतील. गेलेल्या माणसाला खोटं पाडणार तू?"

मला त्याचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्याचं निम्मं बरोबर होतं म्हणून. मी फडकं आपटून वळले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आमच्या दोघांच्या पाठींकडे बघत.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," सम्यक म्हणाला.

त्या आत गेल्या आणि दिवा मालवून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी मी ते कडवं टाइप केलं. आधी नाव, मग दोन ओळी, पिवळ्या अक्षरांत. ढोलकीच्या जागेत ते असं बसलं की जणू जागा त्याच्यासाठीच सोडली होती. एकदा चालवून बघितलं. पडद्यावर सासरे ढोलकी वाजवतायत आणि खाली सोनूबाई, चुलीपुढच्या राखेत. माझे डोळे भरून आले. असंच व्हायला हवं होतं, खरोखर असंच. त्या दिवशी पहिल्याच बारीला त्यांना दुसऱ्या कुठल्याही बाईसारखं नीट गाता यायला हवं होतं.

पुन्हा एकदा चालवलं. आणि मला रात्रीचा तो दारातला चेहरा आठवला. मी जे टाइप केलं होतं ते दुसरं तिसरं काही नव्हतं, तेच 'काही नाही' होतं. फक्त आता ते टीव्हीवरून येणार होतं. आईंशी सरळ बोलणारी घरात एकच जागा उरली होती, आणि मी तिथेही खरं साखरेत घोळवायला बसले होते. मी दोन्ही ओळी पुसल्या. पुसताना बरं वाटलं असं म्हणणार नाही. वाईटच वाटलं.

मग उरली 'ढोलकी'. कंसात, पांढऱ्या अक्षरांत. नियमात बसणारी, खरी, आणि कोणाच्या उपयोगाची नसलेली.

काम संपलं की मी शेवटी आवाज बंद करून सगळं एकदा बघते. ही माझी सवय, नियम नव्हे. आपल्याला ऐकू येत नाही असं धरून बघायचं. तसं बघायला लागले, आणि सासऱ्यांनी मान उचलली तिथे थांबले. आवाज नसला की ते बघणं फार मोठं दिसतं. माणूस गाणं सोडून कुणाकडे तरी बघतोय. कुणाकडे? ऐकणाऱ्याला खोकला ऐकू येतो, त्याला कोडं पडत नाही. आईंना पडणार. त्या विचारणार, हे कुठं बघतायत? आणि घरातलं कोणीतरी म्हणणार, काही नाही.

मी देवव्रत सरांना बोलावून आणलं. आवाज बंद ठेवूनच त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"कोणाकडे बघतोय हा?"

"बायकोकडे. ती चौकटीबाहेर आहे. खोकतेय. मला ते लिहायचंय."

"खोकला लिहीत नाही आपण, नीलम."

"कामाचा नसेल तर लिहीत नाही. इथे त्याच्याशिवाय चित्र कळत नाही. तुम्हीच आता विचारलंत."

त्यांनी आवाज लावून पुन्हा बघितलं. पुन्हा बंद करून बघितलं. "ती त्याची बायको आहे हे तुला कसं माहीत?"

"माझी सासू आहे ती, सर."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "लिही. नाव आणि खोकला. त्यापुढे एक अक्षर नको. घाबरून बघतो, प्रेमाने बघतो, असलं काही नको. ते चेहऱ्यावर आहे. आणि तो मान उचलतो त्याच फ्रेमला येऊ दे. आधी आलं तर वाया, उशिरा आलं तर वाया."

मी ते बसवलं. एकेक फ्रेम मागेपुढे करून, डोळ्यांत तेल घालून. शब्दांची ती फाइल कार्यक्रमाला जोडली. चाचणीचं प्रसारण उपग्रहावर जाऊन खाली आलं ते ऑफिसातल्या डब्यावर उघडून बघितलं. नाव जागच्या जागी होतं. सम्यकला मी फक्त एवढंच सांगितलं, कडवं लिहिलेलं नाही. तो माझ्याशी दोन दिवस नीट बोलला नाही.

चौदा एप्रिलला सकाळी खाली स्पीकर लागले होते, गॅलरीतून निळे झेंडे दिसत होते. कार्यक्रम बघून मग विहारात वंदनेला जायचं ठरलं होतं. आई पांढरं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसल्या होत्या, खुर्ची अगदी पुढे ओढून. मी मागे उभी राहिले. आपला डबा ती धार उचलेल ना, या भीतीने मी रिमोट हातातच धरून ठेवला होता. पहिल्या पार्टीच्या गाण्याखाली पांढरी अक्षरं उमटली आणि मी रिमोट खाली ठेवला.

तिसरी पार्टी आली. आईंनी सासऱ्यांना बघितलं आणि त्यांचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. पहिलं कडवं त्यांनी अक्षरांबरोबर ओठ हलवत वाचलं. दुसरं वाचलं. सम्यक खाली जमिनीकडे बघत होता.

सासऱ्यांनी मान उचलली. पिवळी अक्षरं आली.

सोनूबाई: (खोकतात)

आईंचे ओठ थांबले. त्यांनी ते वाचलं, आणि मग नजर वर गेली, सासऱ्यांच्या चेहऱ्यावर. तिथेच राहिली. ढोलकीची अक्षरं आली आणि गेली, त्यांनी ती वाचली नाहीत. शेवटचं कडवं आलं, तेही वाचलं नाही. पस्तिशीतला तो माणूस चौकटीबाहेर डावीकडे बघत होता, आणि आईंनी खुर्चीतल्या खुर्चीत अंग डावीकडे सरकवलं, जणू त्या नजरेच्या वाटेत बसायला. गाणं संपलं. चहाची जाहिरात लागली.

सम्यकला राहवलं नाही. तो आईंच्या पुढ्यात उकिडवा बसला, चेहऱ्यासमोर चेहरा आणून.

"आई, बाबा खोटं बोलले होते. दुसऱ्या बारीचं नव्हतं ठेवलं."

"ठाऊक हाय मला," आई म्हणाल्या. "एरवी पुटपुटायचे, दोनदा विचारावं लागायचं. त्या दिवशी एकेक शब्द सुटा करून बोलले. तवाच कळलं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"त्यांना वाटत हुतं मला बरं वाटावं. मग वाटलं म्हणून दाखवलं." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. तिथे कोणीतरी कप उचलून हसत होतं. "पण ते रागावले नव्हते रे. मी आपली जन्मभर समजत आले, रागावले. तू बघितलंस न्हवं? भ्यालेत. माझ्यासाठी भ्यालेत." हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की बाहेर जिन्यातून जाणाऱ्या बायका थांबल्या. मग आई रडल्या, आवाज न करता, आणि सम्यकने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मीही रडले. लपवण्यासारखं काही नव्हतं त्यात.

थोड्या वेळाने त्यांनी मागे वळून मला पुढे बोलावलं. "तू लिहिलंस ते?"

"हो."

"कडवं लिहिता आलं असतं तुला. दोघं पाठ करून बोलत हुता तवा हेच चाललं हुतं ना?"

"हो, आई. लिहून पुसलं."

"का?"

"कडवं असतं तर तुम्ही अक्षरं वाचत बसला असता. बाबांकडे बघितलं नसतं."

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या, वाक्य संपलं तरी. मग डोळे पुसून, कधी नव्हे ते, त्यांनी मला विचारलं, टीव्हीला नाही.

"आवाज कसा लागलाय गं त्यांचा?"

सम्यकने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी आईंसमोर बसले आणि नेहमी बोलते तशीच बोलले, शब्द सुटे न करता. "पहिल्या दोन कडव्यांना चांगला लागलाय. शेवटच्या कडव्याला सूर सुटला त्यांचा."

आईंनी मान हलवली.

"सुटणारच," त्या म्हणाल्या. "ध्यान माझ्याकडं हुतं." आणि वंदनेला उशीर होतोय म्हणून त्या चपला शोधायला उठल्या.